बर्फ, पान आणि यंत्र : एमिली सिमों यांची वाटचाल

गोव्यात इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की बहुतेकांना हणजूण आणि वागातोरचे किनारे आठवतात. 1990 च्या दशकात गोवा ट्रान्स या नावाने जगभर पोचलेल्या त्या शैलीचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र तिच्यामुळे आपल्याकडे, विशेषतः ज्यांचा कान नाट्यसंगीतावर आणि भजनांवर घडला आहे अशा श्रोत्यांमध्ये, एक समज रुजला : यंत्रातून येणारे संगीत म्हणजे अखंड ठेका, आणि त्यात शब्दाला, गळ्याला किंवा चालीला फारसे स्थान नाही. हा समज ज्यांच्या गाण्यांनी माझ्यापुरता पूर्णपणे पुसून टाकला, त्या फ्रेंच गायिका आणि संगीतकार एमिली सिमों यांच्याविषयी मला लिहायचे आहे.

त्यांचा जन्म 1978 मध्ये दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे झाला. गायनाचे आणि संगीतशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतल्यानंतर पॅरिसमधील ‘इर्काम’ या संस्थेशी त्यांचा संबंध आला. पिएर बुलेझ यांनी उभारलेली ही संस्था ध्वनिसंशोधनासाठी ओळखली जाते, आणि तिथून बाहेर पडणारे संगीत सहसा मोजक्या जाणकारांपुरते राहते. सिमों यांनी तिथले तंत्र तीन-चार मिनिटांच्या गाण्यात आणले. 2003 मध्ये त्यांच्याच नावाने आलेल्या पहिल्या अल्बमला ‘व्हिक्त्वार द ला म्युझिक’ हा फ्रान्समधील मानाचा पुरस्कार इलेक्ट्रॉनिक संगीताच्या विभागात मिळाला. त्या अल्बममधील ‘देझेर’ या गाण्यात त्यांचा जवळजवळ कुजबुजल्यासारखा आवाज आणि भोवतालचे यंत्रनिर्मित ध्वनी एकमेकांना जागा देत पुढे जातात. कोणी कोणावर कुरघोडी करत नाही, आणि हाच गुण पुढे त्यांच्या साऱ्या कामात टिकला आहे.

2005 मध्ये लुक जाके यांच्या सम्राट पेंग्विनांवरील माहितीपटाला त्यांनी संगीत दिले. अंटार्क्टिकाच्या थंडीसाठी त्यांनी काचेची वाद्ये निवडली. ओल्या बोटांनी काचेच्या कांड्या घासून वाजवायचे ‘क्रिस्ताल बाशे’ हे त्यांतलेच एक. फ्रेंच आवृत्तीत पेंग्विनांना अभिनेत्यांचे आवाज दिले होते आणि सिमों यांची गाणी त्यांच्या मनोगतासारखी येत होती. अमेरिकेतील प्रदर्शनासाठी मात्र निवेदन मॉर्गन फ्रीमन यांना देण्यात आले आणि संगीत अॅलेक्स वुर्मन यांच्याकडून नव्याने करून घेण्यात आले. त्यामुळे ज्यांनी हा ऑस्करविजेता माहितीपट इंग्रजीत पाहिला, त्यांनी सिमों यांचे काम ऐकलेच नाही. मला या निर्णयाचे आजही वाईट वाटते, कारण वुर्मन यांचे संगीत सुरेख असले तरी बर्फाचा ठिसूळपणा सिमों यांच्या रचनांतच आहे.

2006 चा ‘व्हेजेताल’ ही माझ्या मते त्यांची सर्वांत परिपूर्ण निर्मिती होय. पाणी, आग आणि वनस्पती यांचे ध्वनी मुद्रित करून, त्यांचे तुकडे करून आणि त्यांनाच तालाचे रूप देऊन हा अल्बम घडला आहे. गोव्यातल्या श्रोत्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. चतुर्थीतल्या घुमट आरतीत मातीचे मडके आणि त्यावर ताणलेले कातडे मिळून जो नाद देतात, तो दुसऱ्या कोणत्याही पदार्थातून निघत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सिमों हाच विचार संगणकापर्यंत नेतात. मैफलीतही त्या यंत्रामागे उभ्या राहत नाहीत. सिरील ब्रिसो यांनी त्यांच्यासाठी हातावर बांधण्याचे एक नियंत्रक उपकरण तयार केले, आणि त्याच्या साहाय्याने गाता गाताच त्या स्वतःच्या आवाजाचे रूप पालटतात. गळा आणि यंत्र यांतले अंतर इतके कमी झालेले मी क्वचितच पाहिले आहे.

पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि 2009 मध्ये ‘द बिग मशीन’ हा बहुतांशी इंग्रजी अल्बम आला. त्यात आवाज मोकळा आणि उंच झाला असला, तरी मला त्यात आधीची बारीक वीण कमी दिसते. त्याच वर्षी त्यांच्या जीवनसाथीचे निधन झाले. 2011 चा ‘फ्रँकी नाइट’ त्या दुःखातून लिहिलेला आहे, आणि त्यातील काही रचना फुएंकिनोस बंधूंच्या ‘ला देलिकातेस’ या चित्रपटात वापरल्या गेल्या. तो चित्रपटही वैधव्यानंतरच्या आयुष्याविषयी असल्यामुळे संगीत आणि कथा यांना जोडण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागलेला नाही. इथे ध्वनींचे प्रयोग मागे सरतात आणि चाल पुढे येते. शोकाला एवढे साधे राहू देणे हे संगीतकाराच्या संयमाचे काम आहे.

2014 च्या ‘म्यू’मध्ये त्या पुन्हा फ्रेंचकडे वळल्या, आणि नंतर जॉन टर्टुरो यांच्या ‘द जीझस रोल्स’ या चित्रपटालाही त्यांनी संगीत दिले. ज्यांना नव्याने ऐकायचे आहे, त्यांनी ‘व्हेजेताल’पासून आरंभ करावा, त्यानंतर पेंग्विनांचे संगीत चित्रांशिवाय ऐकावे आणि मगच ‘फ्रँकी नाइट’कडे जावे. शक्य असेल तर हेडफोन लावावेत, कारण पानांचे आणि काचेचे बारीक ध्वनी साध्या स्पीकरवर पूर्णपणे हरवतात.