आज मोझार्ट वाजवला!
संध्याकाळी कॅम्पातल्या एका छोट्या हॉलमध्ये मोझार्टचा बॅसून (लांब लाकडी फुंकवाद्य, ते दादा वाजवतो) आणि चेलोचा (व्हायोलिनचा मोठा भाऊ, तो मी) सोनाटा वाजवला, बी फ्लॅट मेजर, के 292 (मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), आणि अजून डोक्यातून जातच नाहीये. 1775 च्या सुमारास लिहिलाय, म्हणजे तेव्हा तो जेमतेम विशीचा. दोन्ही वाद्यं खर्जातली, सूर मुख्यतः बॅसूनकडे आणि चेलो खालून बेस धरून ठेवतो, लोकांना वाटतं हे सोपं असेल पण साथ करणं म्हणजे काय ते आपल्या तबलजींना विचारा. अँडान्तेमध्ये, म्हणजे संथ भागात, दादा श्वास घेतो तिथे माझ्या बोने, म्हणजे गजानेही श्वास घ्यायला हवा, आज त्याच्या खांद्याकडे बघत बघत ते असं काही जुळून आलं की अंगावर काटा आला अक्षरशः.

सुरू व्हायच्या आधी दादा छोट्या डबीतल्या पाण्यात रीड भिजवत होता तर पुढच्या रांगेतल्या एक काकू उठून आल्या, "अरे, ही तर सनईसारखी पत्ती!" आणि खरंच, दोन्हीकडे जोडपत्तीच की! मग बॅसूनची अडीच मीटरची नळी दुमडून कशी बसवलेली असते तेही त्यांनी वाकून नीट बघून घेतलं, फार आवडल्या मला काकू.

व्हिडिओ उद्या टाकते, अँडान्ते हेडफोन लावून ऐका प्लीज, मोबाईलच्या स्पीकरवर खर्ज कळतच नाही.