आपोआप तयार होणाऱ्या मराठी ई-पुस्तकांची मुखपृष्ठे

प्रताधिकारमुक्त मराठी ग्रंथाचा युनिकोड मजकूर हाताशी असेल, तर पँडॉक किंवा कॅलिबर यांसारख्या मुक्त प्रणालींच्या साहाय्याने त्याचे ई-पुस्तक काही क्षणांत तयार होते. प्रकरणे वेगळी होतात, अनुक्रमणिका लागते, तळटिपा जागच्या जागी बसतात. पँडॉकला मुखपृष्ठ मात्र मुद्दाम दिले नाही, तर वाचनयंत्रावर त्या पुस्तकाच्या जागी एक राखाडी चौकोन आणि कापलेले फाईलनाव एवढेच उरते. अशी वीस-पंचवीस पुस्तके एकत्र आली, की त्यांतले हवे ते पुस्तक शोधणे कंटाळवाणे होते आणि जे सापडत नाही ते वाचलेही जात नाही. म्हणून मजकुराइतकीच मुखपृष्ठाचीही काळजी घ्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या आवृत्तीचे मुखपृष्ठ स्कॅन करून लावावे, हा पहिला विचार स्वाभाविक आहे; पण लेखकाचा प्रताधिकार संपला म्हणून चित्रकाराचाही संपतो, असे नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार राहतो आणि चित्राच्या बाबतीत ही मुदत चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजली जाते. मराठी पुस्तकांना आणि नियतकालिकांना चेहरा देणारे चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या चित्रांवरचा प्रताधिकार २०३१ अखेरपर्यंत आहे. मूळ लेखक कितीही जुना असला, तरी पुढच्या एखाद्या आवृत्तीवरचे दलालांचे चित्र आपल्या ई-पुस्तकावर परवानगीशिवाय लावता येत नाही. शिवाय आपण केलेली प्रत ही त्या जुन्या आवृत्तीची प्रतिकृती नसते, तेव्हा तिने तिचा चेहरा मिरवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मग उरतो तो मार्ग म्हणजे शीर्षक आणि लेखकाचे नाव यांवरूनच मुखपृष्ठ घडवण्याचा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत २०१४ साली मॉरिसिओ खिराल्दो यांनी याचा एक सुंदर प्रयोग केला. प्रताधिकारमुक्त ई-पुस्तकांना मुखपृष्ठे नसतात किंवा असतात ती ओबडधोबड असतात, ही अडचण समोर ठेवून त्यांनी शीर्षकातील प्रत्येक अक्षरासाठी कमोडोर पेट या जुन्या संगणकाच्या कळफलकावरील एक भौमितिक आकृती योजली. शीर्षक व लेखकाचे नाव यांच्या एकत्रित लांबीवरून रंग ठरू लागला आणि प्रत्येक पुस्तकाला स्वतःची नक्षी मिळाली. प्रताधिकारमुक्त ई-पुस्तके मोफत देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या ज्या पुस्तकांना स्वतःचे मुखपृष्ठ नाही, त्यांवर आज याच घराण्यातील रंगीत आकृत्या दिसतात.

हीच कल्पना मराठीत जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण देवनागरीत अक्षर म्हणजे काय, याविषयी वाचकाचे आणि यंत्राचे एकमत नसते. ‘क्षितिज’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबी क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी आणि ज असे सात घटक होतात. लांबी मोजून टाईपाचा आकार ठरवणारी आज्ञावली अशा शीर्षकाला उगाच लांब समजते आणि नको तितके बारीक छापते. ओळ ठरावीक घटकांनंतर तोडणारी आज्ञावली तर लांब शब्दातील वेलांटी किंवा काना एकटाच पुढच्या ओळीवर ढकलू शकते. लांबी मोजायचीच असेल, तर ती पूर्ण अक्षरांच्या हिशेबाने मोजावी किंवा प्रत्यक्ष चित्रित शब्दाची रुंदी पाहावी.

याहून मोठी गोष्ट जोडाक्षरांची आहे. चित्रावर मजकूर उमटवणाऱ्या अनेक साधनांत घटकांची योग्य जुळणी करणारा भाग ऐच्छिक असतो. पायथॉन या संगणकभाषेतील पिलो या चित्रसाधनाला अशी जुळणी करणाऱ्या राक्म या जोडणीची साथ नसेल, तर ते एकामागून एक आकृत्या मांडत जाते: हलन्त उघडा पडतो, क्ष तुटतो आणि वेलांटी आपल्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन पुढच्या अक्षराला चिकटते. राक्म उपलब्ध आहे की नाही, हे आधी तपासण्याची सोय पिलोमध्ये आहे आणि ते नसेल तर काम तेथेच थांबवणे उत्तम. कारण चुकीचे मुखपृष्ठ निमूटपणे तयार होते आणि आज्ञावली कोणतीही तक्रार करत नाही. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे असतात. काही फॉन्टांमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले, तरच मराठी रूपे उमटतात. हे सांगायचे राहिले, तर वाचता सगळे येते, पण मराठी पुस्तकाच्या दर्शनी पानावर परके वळण बसते आणि ते मला खुपते.

या सगळ्याचा विचार करता मी मुखपृष्ठासाठी चित्र काढणारी आज्ञावली वापरतच नाही. एक लहानसे एचटीएमएल पान तयार करून त्यात पुस्तकाच्या नोंदीतील शीर्षक, लेखक आणि आवृत्तीची तारीख भरली जाते, भाषा मराठी अशी स्पष्ट नोंदवली जाते आणि क्रोमियम हा ब्राउझर खिडकी न उघडता त्या पानाचे चित्र घेतो. जोडाक्षरे, ओळींची तोड, शीर्षकाच्या दोन ओळी सारख्या लांबीच्या ठेवणे, हे सारे ब्राउझरला चांगले जमते. चित्राचा आकार १६०० बाय २५६० पिक्सेल ठेवला, की किंडलसाठी सुचवलेले प्रमाण साधते. मूळ आरेखन एसव्हीजी या रेषा-आकारांच्या चित्रप्रकारात केले असले, तरी ई-पुस्तकात जेपीईजी किंवा पीएनजीच घालावे, कारण एसव्हीजीचे छोटे चित्र अनेक वाचनयंत्रे दाखवत नाहीत.

नवा साचा वापरात आणण्यापूर्वी काही मुद्दाम अवघड शीर्षके त्यातून काढून पाहावीत. ‘दऱ्याखोऱ्यांतील’ यातील ऱ्य, ‘श्री’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कर्तृत्व’ आणि एखादे सहा-सात शब्दांचे लांबलचक शीर्षक, एवढ्यांत बहुतेक दोष उघडे पडतात. रफार आणि वरच्या मात्रा कापल्या जाऊ नयेत, म्हणून ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा सढळ ठेवावे लागते. वाचनयंत्रांवरचा ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा, नेहमीचा पडदा राखाडीच्या सोळाच छटा दाखवतो. त्यामुळे फोनवर देखणी दिसणारी गर्द निळी पार्श्वभूमी आणि तिच्यावरची तांबडी अक्षरे तेथे एकमेकांत मिसळून जातात. म्हणून रंग निवडण्याआधी चित्र राखाडी करून आणि बोटभर आकाराचे करून पाहावे.

रंगांच्या बाबतीत माझा आग्रह असा, की ते यदृच्छेवर सोडू नयेत. मजकुरातील एखादी चूक सुधारून पुस्तक पुन्हा तयार केले आणि तेवढ्याने हिरवे मुखपृष्ठ जांभळे झाले, तर वाचकाची ओळख मोडते. लेखकाच्या नावावरून रंग काढावा, म्हणजे एका लेखकाची पुस्तके फळीवर एका कुळातील वाटतात. हे पायथॉनमध्ये करताना भाषेतील अंगभूत हॅश, म्हणजे मजकुरापासून एक संख्या काढण्याची सोय, वापरू नये, कारण ३.३ या आवृत्तीपासून मजकुरासाठी त्याचे उत्तर दर वेळी बदलते. एसएचए-२५६ सारखी स्थिर पद्धत घेतली, की तेच नाव कायम तोच रंग देते.

चित्र तयार झाल्यावर ते पुस्तकात घालणे सोपे आहे, पण ते मुखपृष्ठ आहे हे वाचनयंत्राला कळायला हवे. पहिल्या पानावर चित्र असणे पुरेसे नसते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाईल-प्रकाराच्या तिसऱ्या आवृत्तीत (ईपब ३) फाईलींच्या यादीतील त्या चित्राच्या नोंदीवर मुखपृष्ठाचा गुणधर्म लिहावा लागतो, तर ईपब २ मध्ये वेगळ्या मेटा नोंदीतून त्या चित्राकडे बोट दाखवले जाते. जुनी वाचनयंत्रे दुसरी पद्धतच ओळखतात, म्हणून मी दोन्ही ठेवतो. पँडॉकला मुखपृष्ठाचे चित्र नेमून दिले, की या नोंदी ते स्वतः करते.

पीडीएफमध्ये अशी वेगळी नोंद नसते. बहुतेक ठिकाणी पहिल्या पानाचेच छोटे चित्र दाखवले जाते. तेव्हा मुखपृष्ठ पहिले पान म्हणून जोडावे, पण त्याला पृष्ठक्रमांक देऊ नये. झीलाटेक ही पुस्तकजुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांनी मुखपृष्ठाची एकपानी पीडीएफ मुख्य पुस्तकात ओढून घ्यावी. उलट, तयार पुस्तकच पीडीएफपेजेस या तिच्या पूरक भागाच्या साहाय्याने नव्या फाईलीत ओढले, तर आतील सगळे दुवे नाहीसे होतात आणि अनुक्रमणिकेवर बोट ठेवून प्रकरणाकडे जाता येत नाही.