प्लग्ड इन, नॉट चार्जिंग

‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ हे इतकं कोडगं वाक्य लॅपटॉपनेच बोलावं. पिन लावलीस ते कळलं, पण मी काही घेणार नाही! आणि हे सुचतं वॉरंटी संपल्यावरच.

अशा वेळी संशय थेट सगळ्यात महागड्या भागावर जातो. ‘बॅटरी गेली’ किंवा ‘मदरबोर्ड उडाला’ म्हणून आपण मोकळे होतो. भिंतीतलं सॉकेट, एक्स्टेन्शनचं बटण, चार्जरच्या ठोकळ्यात नीट न बसलेली वायर यांच्याकडे कोण बघतो? वायर मरते तीही बहुधा मानेपाशी, रोज वाकते तिथे. वरून धडधाकट, आत तुटलेली.

काही चार्जरच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. वीज नेणं हे तिचं काम नाही. हा चार्जर किती वॅटचा आहे, एवढंच ती लॅपटॉपला सांगते. ती वाकली की लॅपटॉप चालतो, पण चार्जरची ओळख पटली नाही म्हणून बॅटरी भरत नाही. टाइप-सीमध्ये तर रीतसर बोलणी होतात. सुरुवात 5 व्होल्टने, मग दोघांचं जमलं तर बहुतेक वेळा 20 पर्यंत. मोबाइलचा चार्जर लावला की ही बोलणी बऱ्याचदा फिसकटतात.

कधी बिघाड नसतोच. बॅटरी जास्त टिकावी म्हणून 60 किंवा 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. कोणीतरी ती चालू करून ठेवलेली असते, आणि बिचारा लॅपटॉप सांगितलेलं ऐकल्याबद्दल बोलणी खातो.

चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, हा उपाय मंत्रतंत्रासारखा वाटतो. पण आत साठून राहिलेला चार्ज त्याने निघून जातो आणि चार्जिंग सांभाळणारी चिप नव्याने सुरू होते. कधीकधी खरंच गुण येतो.

बॅटरीचं वय मात्र लपत नाही. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दोन आकडे असतात: नवी असताना किती मावायचं आणि आता किती मावतं. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर चार्जरला दोष देण्यात अर्थ नाही. टचपॅड वर उचललं गेलंय, दाबलं तरी क्लिक होत नाही, असं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग सगळे प्रयोग बंद. चार्जर काढायचा, बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर नाहीच नाही.

आणि दुरुस्तीवाल्याने ‘बोर्ड बदलावा लागेल’ म्हटलं, की मान डोलावण्याआधी चार्जिंगचा जॅक सुटा आहे का, हे विचारावं. काही लॅपटॉपमध्ये तो छोट्या वायरीवरचा वेगळा भाग असतो. बाकीच्यांत बोर्डावर डागलेला, म्हणजे सोल्डर केलेला, पण तिथेही निव्वळ जॅक काढून नवा डागता येतो.