टाकीचं विरजण

आमचं घर ठाण्यात, खारकर आळीत. सीकेपी. मासा आमच्याकडे येतो तो ताटात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी मी चार गोल्डफिश घेऊन घरात शिरलो, तेव्हा आईने पिशवी उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "वाढून केवढे होतात?"

"आई, हे खायचे नाहीत."

"ते कळलं रे. केवढे होतात?"

हा प्रश्न दुकानात मी विचारायला हवा होता. गोल्डफिश नीट वाढला तर सहा-आठ इंच होतो. माझी टाकी १२ इंच लांब, ८ रुंद, ८ उंच, म्हणजे जेमतेम १२ लिटरची. पण दुकानदाराने टाकी, निळे खडे, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, मासे आणि 'काच साफ ठेवायला' एक सकर मासा, असं सगळं एकाच संध्याकाळी बांधून दिलं. मी नळाचं पाणी भरलं, अँटिक्लोरीनचे चार थेंब टाकले आणि मासे सोडले.

चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. पाणी घाण झालं असणार म्हणून मी टाकी पूर्ण रिकामी केली, खडे घासघासून धुतले, नवं पाणी भरलं. दुसऱ्या सकाळी दोन गेले, संध्याकाळी तिसरा. लेक रडली. आई म्हणाली, "बाजारातले याहून ताजे दिसतात." तिला वाईट वाटलं की ती असंच काहीतरी बोलते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेली पंधरा वर्षं तीन फुटी टाकी आहे. त्यांनी येऊन एकच विचारलं, "मासे सोडण्याआधी टाकी किती दिवस चालवलीत?"

"दिवस? पाऊण तास."

मग ते खुर्ची ओढून बसले. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्याचाही अमोनियाच होतो, आणि त्याने कल्ले भाजतात. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. "तुम्ही नवं भांडं घेतलंत, दूध ओतलंत, विरजण लावलंच नाहीत. आणि जे काही लागायला आलं असेल ते घासून टाकलंत."

उरलेला गोल्डफिश आणि सकर ते आपल्या टाकीत घेऊन गेले. सकर फूटभर आणि त्याहून मोठा होतो, हेही तेव्हाच कळलं. खालच्या वॉचमनने सुचवलं होतं की मासुंदा तलावात, म्हणजे तलावपाळीला, सोडून द्या. काका त्याच्यावर चांगलेच भडकले. हा मासा मूळ दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडच्या तळ्यांत गेला की तिथल्या माशांच्या मुळावर येतो. पाळलेला कुठलाच मासा तळ्यात सोडायचा नाही, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

नवी टाकी दोन फुटी घेतली: २४ बाय १२ बाय १२ इंच, सुमारे ५६ लिटर. नवशिक्याने मोठी टाकी कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण १२ लिटरमध्ये खाण्याची एक चिमूट जास्त पडली तरी पाणी बिघडतं, ५६ लिटरमध्ये सावरायला वेळ मिळतो. वजन मात्र धरून चाला. पाणी, काच, रेती, दगड मिळून ७० किलोच्या वर जातं. लोखंडी स्टँड करून घेतला, वर प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट. टाकी आधी दोन दिवस गॅलरीत भरून ठेवली, कुठून गळते का बघायला.

स्पंज फिल्टर लावला. काकांनी आपल्या फिल्टरचा स्पंज आमच्या टाकीत पिळला. तपकिरी गाळ पाण्यात पसरला. आई दारात उभी राहून बघत होती, चेहरा असा की शेवाळ पिळलंय तिच्या आमटीत.

पुढचे पाच आठवडे मी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकत होतो. ते कुजून अमोनिया व्हायला हवा, नाहीतर जिवाणू जगणार कशावर? शेजारी विचारायचे, मासे कुठेत? रिकाम्या टाकीला नैवेद्य, असं लेकीने नाव पाडलं. थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट आणलं, ते पहिल्या टाकीपेक्षा महाग पडलं, पण माझ्या मते सगळ्यात आधी तेच घ्यावं. अमोनियाची नळी हिरवी व्हायची. तिसऱ्या आठवड्यात ती पिवळीकडे झुकली आणि नायट्राइटची निळी नळी जांभळी व्हायला लागली.

चौथ्या आठवड्यात मी ऑफिसातून आलो तर स्पंज ओट्यावर वाळत होता. पांढराशुभ्र. भांड्यांच्या साबणाने धुतलेला. "किती बुळबुळीत झाला होता रे," आई म्हणाली. मी काही बोललो नाही, म्हणजे बोलता आलंच नाही. स्पंज फेकला. काकांकडून पुन्हा जुना तुकडा आणला. या वेळी त्यांनी आईला बसवून विरजणाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती सगळं ऐकून म्हणाली, "मग आधी सांगायचं की. विरजणाची वाटी मी कधी विसळते का?" तेव्हापासून स्पंज धुवायचा झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोनदा हलका पिळून. हे काम आता तीच करते.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला लागल्यावर आधी सहा झेब्रा डॅनिओ सोडले. हा मासा आपल्याकडचाच, काटक. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग अर्धा तास थोडंथोडं पाणी मिसळलं. तीन आठवड्यांनी आठ निऑन टेट्रा. पंधरवड्याने दोन गप्पी. आणि इथे माझी दुसरी चूक: गप्पी वेगळ्या टाकीत दोन आठवडे न ठेवता थेट सोडले. आठवडाभरात सगळ्यांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके. हीटरने तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं, रोज तळ सायफनने ओढला. तीन टेट्रा गेले.

आणखी दोन मे महिन्यात गेले. निऑनला २२ ते २६ अंश आवडतं, ठाण्याच्या उन्हाळ्यात टाकी ३२ वर जाते. पंखा लावला, बर्फाच्या बाटल्या तरंगवल्या, तरी. दुकानात निऑन सुंदर दिसतो खरा, पण एसी नसलेल्या घरात तो घेऊ नये असं माझं मत झालंय. डॅनिओ, गप्पी, मॉली आपली हवा सोसतात. मनातून मला मिस केरळ हवी होती, लाल-काळ्या पट्ट्याची. तिच्या शास्त्रीय नावात २०१३ पासून चक्क 'सह्याद्रिया' आहे. पण ती वाढून पाच-सहा इंच होते आणि घोळक्याने राहते, तिला चार फुटी टाकी लागते. या वेळी केवढी होते ते आधी विचारलं.

गप्पींना पिल्लं झाली. मादी साधारण दर महिन्याला पिल्लं घालते, आणि नर काढून टाकला तरी काही महिने घालतच राहते, हे कुणी सांगितलं नव्हतं. आता फक्त नर ठेवलेत. पिल्लं बिल्डिंगमध्ये वाटली, प्रत्येकाला सोबत पिशवीत थोडा गाळ.

रोजचं आता फार नाही. रविवारी दोन बादल्या पाणी आदल्या रात्री भरून ठेवायचं, तरी अँटिक्लोरीन घालायचं, पावसाळ्यात तर नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोच. पाव टाकी पाणी बदलायचं. दिवे गेले तर बॅटरीवरचा हवेचा पंप.

बुधवारी आई बोंबील तळते, तेव्हा टाकीवर जुना टॉवेल टाकते. तेलाची वाफ पाण्यावर बसू नये म्हणून, असं ती म्हणते. पण टॉवेल वरच्या झाकणावर नसतो, पुढच्या काचेवर असतो.