दार उघडे ठेवून

चर्चच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर दफनविधीहून परतताना रिक्षात, लोकांनी मला हाच प्रश्न विचारला आहे: नोकरी, घर, आजारपण हे सगळे सांभाळून तुम्हाला रोज पहाटे ध्यानप्रार्थनेला बसणे जमते तरी कसे? विचारणारे बहुतेक वसईतले, आमच्याच धर्मग्रामातले, म्हणजे एकाच चर्चचे, असतात, त्यामुळे आमच्या घरात काय काय घडून गेले ते त्यांना ठाऊक असते. इतकी वर्षे मी 'सवयीने जमते' एवढे बोलून विषय बदलत आलो. ते उत्तर खोटे नाही, पण ते ऐकून कोणी समाधानाने घरी गेलेला मला दिसला नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

हे आपले आहे की योगवाल्यांचे, हा उपप्रश्न आधी बाजूला करतो, कारण त्याचा मला सर्वांत जास्त कंटाळा आहे. मी मनात एकच शब्द म्हणत बसतो: मारानाथा. तो अरामी भाषेतला आहे, त्याचा अर्थ 'ये, प्रभो' असा होतो, आणि संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी तो मूळ रूपातच ठेवला आहे. सकाळ-संध्याकाळ वीस ते तीस मिनिटे ताठ बसून हा शब्द म्हणावा आणि मन भरकटले की न रागावता पुन्हा शब्दाकडे यावे, ही रीत जॉन मेन या बेनेडिक्टाइन संन्याशांनी शिकवली. संन्यास घेण्यापूर्वी मलायात नोकरीला असताना त्यांना क्वालालंपूरच्या स्वामी सत्यानंदांकडून अशा जपाची ओळख झाली होती, आणि पुढे तीच वाट त्यांना जॉन कॅशियन या प्राचीन ख्रिस्ती मठवासीयाच्या लिखाणात सापडली. म्हणजे आपले आणि त्यांचे यांची सरमिसळ आहेच, आणि मला तिची लाज वाटत नाही. माझ्या आईला मात्र त्या शब्दात 'नाथा' एवढेच ऐकू येई, आणि तू नाथपंथी झालास की काय, असे तिने एकदा हसत विचारले होते. १९८९ साली रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने ध्यानाविषयी बिशपांना लिहिलेले पत्र अनेकांनी माझ्यापुढे धरले आहे. पौर्वात्य पद्धतींविषयीची ती रोमची धास्ती आहे, आणि तीही सरसकट नकार नव्हे, असे म्हणून मी ते उडवून लावत असे. त्या पत्राकडे पुन्हा यावे लागणार आहे.

दुसरा त्रास बंधू लॉरेन्स यांचा. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात पंधरा वर्षे स्वयंपाकघरात राबलेले हे सत्पुरुष प्रत्येक रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनाशिबिरात, हमखास भेटतात. वेदीसमोर गुडघे टेकल्यावर देवाचा जेवढा सहवास लाभे तेवढाच भांड्यांच्या गोंगाटातही लाभतो, असे ते म्हणत, आणि ते खरे बोलत असणार. पण त्यांच्या दिवसाला मठाच्या घंटेची शिस्त होती, भोवतालचे सगळेच त्या एका गोष्टीसाठी घर सोडून आलेले होते, आणि पहाटे औषध कोणी द्यायचे यावरून त्यांचे पत्नीशी भांडण होण्याचा प्रश्न नव्हता. हे मी चिडून लिहितो आहे, हे मला कळते. खरे सांगायचे तर धावपळीत प्रार्थना मलाही जमत होती. संध्याकाळच्या विरार गाडीत भाईंदर सुटले की नायगाव येईपर्यंत खाडीच्या पुलावर लोक खिडकीतून निर्माल्य टाकत, आणि मी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या परंपरेप्रमाणे दिवसाची तपासणी करीत असे: सकाळपासून कुठे उपकार वाटले, कुठे पाठ फिरवली. गर्दीने त्यात फारसा अडथळा कधी आणला नाही. अडचण गर्दीची नव्हतीच, शांततेची होती, आणि ते कळायला एक सकाळ लागली.

त्याआधी आईच्या प्रार्थनेविषयी सांगितले पाहिजे. ध्यान, मनन हे शब्द तिने स्वतःसाठी कधी वापरले नाहीत. तिच्याकडे रोझरी होती, मरियेच्या प्रार्थनांची जपमाळ. वाडीतून भाजी काढून आणल्यावर, जुड्या बांधताना, नंतर कंपवाताने हात थरथरू लागल्यावर अंथरुणात, ती माळ ओढत असे. 'आता हात आपोआप माळ ओढतो, मला कष्ट नाहीत,' असे ती म्हणे. 'नमो मरिया'च्या मध्यावर ती थांबे, दूध उतू जात असल्याचे सांगे, शेजारणीच्या सुनेची चौकशी करी, आणि मग नेमक्या त्याच मण्यावर परत येई. मला ते तेव्हा फार उथळ वाटत असे. एवढ्या तुकड्यांत मोडलेल्या प्रार्थनेत खोली कुठून येणार, असे मी मनात म्हणत असे, आणि एकदा तिच्यासमोर म्हणालोही होतो. तिने उत्तर दिले नव्हते.

आता ती सकाळ. २०१६ च्या, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातला मंगळवार होता. पत्नी रात्रपाळीला होती, मुलगी परीक्षेचा अभ्यास करून नुकतीच झोपली होती. मी पावणेपाचला मेणबत्ती लावली आणि खोलीचे दार लावून घेतले, कारण प्रार्थना करताना आपल्या खोलीत जाऊन दार लाव, असे प्रभूनेच मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे आणि ते शब्दशः पाळणे मला आवडत असे. मोबाइलवर तीस मिनिटांचा गजर लावला. साधारण पंधरा मिनिटे झाली असतील. आईने मला नावाने हाक मारली. मोठ्याने नाही, तिचा आवाज त्या आजाराने बारीक झालाच होता. मी ती ऐकली. इथे मला कोणतीही पळवाट ठेवायची नाही: ती हाक मला झोपेत ऐकू आल्यासारखी अस्पष्ट आली नव्हती, ती मला स्पष्ट ऐकू आली आणि ती कशासाठी आहे हेही मला कळले, कारण त्या वेळेला तिला न्हाणीघरात जायचे असे. आणि मी शिकलेल्या पद्धतीप्रमाणे, न रागावता, हळुवारपणे, शब्दाकडे परत गेलो. मारानाथा. थोड्या वेळाने दुसरी हाक आली. मी पुन्हा परत गेलो. उठायचे तर आत्ताच, असेही मला वाटले, आणि दहाच मिनिटे राहिली आहेत, असेही वाटले. मग स्टीलचा पेला पडल्याचा आवाज झाला, त्यामागून आणखी एक, जड आणि बोथट, आणि त्यानंतर काहीच ऐकू आले नाही.

ते काहीच ऐकू न येणे मला बरे वाटले. हे वाक्य मी आजवर फक्त पापनिवेदनात उच्चारले आहे. घर पुन्हा शांत झाले म्हणून मला हायसे वाटले, आणि पुढची आठ-दहा मिनिटे इतकी स्थिर गेली की गजर वाजल्यावर मी कृतज्ञतेने क्रूसाची खूण केली. दार उघडले तेव्हा आई पलंग आणि न्हाणीघर यांच्या मध्ये एका कुशीवर पडलेली होती. तिने डोळे उघडे ठेवले होते आणि ती ओरडत नव्हती. खुब्याचे हाड मोडले होते.

रुग्णवाहिका येईपर्यंत ती मला म्हणाली, 'तू प्रार्थनेत होतास, म्हणून मी मग हाक मारली नाही. म्हटले, हळूहळू जाईन.' पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला ती हेच सांगे, आणि अभिमानाने सांगे. मी शेजारी फळे कापत बसलेला असे. मी ऐकले होते, हे मी तिला कधीच सांगितले नाही. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा चालली नाही, आणि पाच महिन्यांनी गेली.

त्या पाच महिन्यांत पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. पहाटे दोनला आणि चारला उठणे माझ्याकडे होते. मठवासीही रात्री प्रार्थनेला उठतात, तेव्हा तुमची तीच खरी साधना झाली, असे एका सज्जनांनी मला म्हटले. मलाही तसे म्हणावेसे वाटते, आणि म्हणूनच मी म्हणत नाही. बहुतेक रात्री ते काम मी झोपेच्या तारेत, कधी चिडून, एकदा तर तिचा हात गरजेपेक्षा जोरात ओढून केले आहे.

पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी मला क्षमा दिली आणि तो अपघात होता असे सांगितले. क्षमा मी स्वीकारली. अपघात हा शब्द मला स्वीकारता आलेला नाही, कारण पडणे अपघाताने झाले, बसून राहणे नाही. गरिबांची सेवा करणारे फ्रेंच संत व्हिन्सेंट द पॉल यांनी आपल्या धर्मभगिनींना शिकवले होते की प्रार्थनेच्या वेळी एखाद्या गरीब आजाऱ्याला औषध न्यायचे असेल तर निःशंक उठावे, कारण ते देवासाठी देवाला सोडणे आहे. हे मला माहीत होते. त्यावर मी बोललोही होतो. आणि मराठी शाळेत शिकलेल्या कोणाला पुंडलिक ठाऊक नसतो? त्याने आईवडिलांच्या सेवेत खंड नको म्हणून देवाला विटेवर थांबवले. मी देवाला 'ये' म्हणत बसलो आणि मला 'ये' म्हणणारीला थांबवले.

ते १९८९ चे पत्र मी आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर पहिल्यांदा सलग वाचले. इतर धर्मांतल्या पद्धती त्यात सरसकट नाकारलेल्या नाहीत, हे मी इतकी वर्षे ओरडून सांगत होतो आणि ते बरोबरच होते. पण प्रार्थना स्वतःतच बंद होऊन बसण्याचा धोका, आणि ख्रिस्ती ध्यान शेजाऱ्यावरच्या प्रेमाकडे नेतेच नेते, हेही त्यात आहे. ती माझ्यावरची टीका होती आणि मी ती योगावरची समजत होतो.

त्या सकाळच्या दोन वर्षे आधी आमच्या प्रार्थनागटात मी एक भाषण केले होते. अमेरिकन ट्रॅपिस्ट संन्यासी थॉमस कीटिंग यांच्या शिकवणीत मनातले विचार नदीवरून जाणाऱ्या नौकांसारखे जाऊ द्यावेत, असे येते. त्यात मी आपली खाडी घातली, आणि घरातले आवाजही रेतीच्या होड्यांसारखे जाऊ द्या, असे सांगितले. टाळ्या मिळाल्या. ते भाषण करणाऱ्या माझ्यातल्या त्या गृहस्थाशी मी आजही भांडतो. तो म्हणतो, मी चुकीचे काय सांगितले? प्रत्येक आवाजाला उठणारा माणूस प्रार्थना कधी करणार? कामात गुंतलेल्या मार्थेला प्रभूने सांगितले की पायाशी ऐकत बसलेल्या तिच्या बहिणीने, मरियेने, चांगला वाटा निवडला आहे, ते विसरलास? मी त्याला म्हणतो, मरियेला कोणी आतून हाक मारत नव्हते. तो म्हणतो, तू त्या दिवशी नीट ध्यान करत असतास तर उठला असतास; दोष ध्यानाचा नाही, तुझा. इथे माझ्याकडे उत्तर नसते, कारण ते कदाचित खरे आहे, आणि कदाचित ध्यानाला वाचवण्यासाठी केलेला युक्तिवाद आहे.

तर, जमते कसे? मी अजून बसतो. आई गेल्यावर जवळजवळ वर्षभर बसू शकलो नाही, फक्त तिची माळ ओढत असे, आणि तीही मध्येच थांबून, मुद्दाम. आता खोलीचे दार उघडे असते. त्याचा तोटा असा की अर्धा वेळ मी प्रार्थना करतो की पहारा देतो, हे मला कळत नाही. शेजारचा पाण्याचा पंप सुरू झाला तरी मान वळते. हाक मारणारे घरात आता फारसे कोणी नाही. काल पत्नीने गॅस संपल्याचे सांगितले, तेव्हा उठलो, दुसरा सिलिंडर जोडला, चहा झाला, आणि परत बसणे झाले नाही. तुम्ही विचारता, रोज किती वेळ? ठरवलेली तीस मिनिटे आहेत. काल नऊ झाली.