फ्लोअर हॉकी अपडेट: पास का थांबत नव्हता ते कळलं

मंडळी, अडकलेली गाडी हलली! मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते थोडक्यात: शाळेच्या हॉलमध्ये फ्लोअर हॉकी खेळणाऱ्या मुलांचं ड्रिबल झकास, कोनमधून (जमिनीवर मांडलेल्या शंकूंमधून) बॉल नेणं झकास, पास देणंही बऱ्यापैकी. पास घ्यायची वेळ आली की मात्र बॉल ब्लेडवर, म्हणजे स्टिकच्या खालच्या पात्यावर, आपटून टुणकन उडणार, नाहीतर ब्लेडच्या टोकावरून सटकणार. पाचवीच्या गटात हे सगळ्यात जास्त, आठवीत जरा कमी. वयाचा फरक म्हणून सोडूनही दिलं असतं, पण पाचवीतली उंच मुलं आरामात पास घेत होती आणि आठवीतली बुटकी मुलं धडपडत होती. तेव्हा गोष्ट वयाची नव्हती.

पहिला संशय अर्थातच बॉलवर. आम्ही वापरतो तो फ्लोअरबॉलचा बॉल 72 मिलिमीटर व्यासाचा, 26 भोकांचा, वजन जेमतेम 23 ग्रॅम. मैदानी हॉकीचा बॉल 156 ते 163 ग्रॅम भरतो. इतक्या हलक्या बॉलला जरा कडक ब्लेड लागलं की तो उडणारच, यात नवल नाही. मग उंच मुलांच्या ब्लेडवरून तो का उडत नाही? बॉल तोच, ब्लेड त्याच संचातलं. हात कडक धरले जातात म्हणावं, तर 'मनगट सैल, मनगट सैल' असं ओरडून घसा बसला, फरक शून्य.

शेवटी कपाटातला प्लास्टिकचा सपाट पक (चकती) बाहेर काढला. हेतू इतकाच की तो उसळी घेत नाही, म्हणजे निदान उसळीचा प्रश्न बाजूला पडेल. पाचवीतल्या एका मुलीकडे हळू सरकवला. तिने ब्लेड अगदी बरोबर जागी आणलं, आणि पक ब्लेडच्या टोकाखालून सरळ पलीकडे गेला. न थांबता, न अडखळता. दुसऱ्या मुलाकडे सरकवला, तेच.

तास तिथेच थांबवला आणि सगळ्या स्टिक उलट्या करून ब्लेडची खालची कड पाहिली. टाचेकडची, म्हणजे दांड्याजवळची, कड घासून पांढुरकी, खरखरीत, बोट फिरवलं तर प्लास्टिकचे तंतू टोचतील अशी. टोकाकडे साच्याची बारीक रेघ अजून जशीच्या तशी, जणू तो भाग जमिनीला कधी टेकलाच नाही. आणि खरंच टेकत नव्हता. मुलांना खेळायच्या पवित्र्यात उभं केलं, गुडघे वाकलेले, वरचा हात स्टिकच्या अगदी टोकाशी, आणि ब्लेडच्या टोकाखालून एक वही सरकवली. बुटक्या मुलांकडे ती सुळकन गेली, उंच मुलांकडे अडकली.

स्टिक लांब पडली की बुटकं मूल ती अंगापासून दूर धरतं, शाफ्ट (स्टिकचा दांडा) जमिनीकडे आडवा होतो, टाच टेकते आणि टोक वर उचललं जातं. पक त्या फटीतून जातो. बॉल जाडा असल्यामुळे जात नाही, पण ब्लेड त्याला मधोमध न लागता वरच्या अंगाला लागतं, मग तो दबून पुढे निसटतो किंवा वेडावाकडा उडतो. आपल्याला वाटतं हात वाईट.

आता उपाय. नेहमीचा नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे: ब्लेडसकट स्टिक दोन पायांमध्ये उभी केली की वरचं टोक बेंबीशी किंवा दोन बोटं वर यावं. आमच्या संचातल्या सगळ्या स्टिक एकाच लांबीच्या आणि पाचवीतल्या निम्म्याअधिक मुलांच्या थेट छातीशी येणाऱ्या. हात खाली सरकवून धरायला सांगणं हा आळशी उपाय, आणि धोक्याचाही. वर उरलेला दांडा वळताना स्वतःच्या पोटात नाहीतर शेजाऱ्याच्या बरगडीत जातो.

म्हणून करवत घेतली. वरचं टोपण गरम पाण्यात धरलं की सैल होतं. ग्रिप वरून थोडी उलगडायची, खुणेवर चिकटपट्टीचा वेढा द्यायचा म्हणजे कड फुटत नाही, आणि बारीक दातांच्या हॅकसॉने कापायचं. शाफ्ट फायबरचा असेल तर तोंडावर मास्क हवाच, ती धूळ घशाला आणि कातडीला फार त्रास देते. ओलं फडकं गुंडाळून कापली तर बरीच कमी उडते. कापलेली कड घासून टोपण परत बसवायचं. उघडी नळी मुलांच्या हातात अजिबात नको.

कापलेला शाफ्ट हाताला कडक लागतो, हे मात्र ध्यानात ठेवा. फ्लेक्सचा आकडा म्हणजे 300 न्यूटन जोर लावल्यावर शाफ्ट किती मिलिमीटर वाकतो; आकडा मोठा तितका शाफ्ट मऊ. मोठ्यांचा 26 चा शाफ्ट कापून लहानाच्या हातात दिला तर त्याच्यासाठी तो काठीच. म्हणून कापायला मऊ शाफ्टच घ्यायचे. आमचे प्लास्टिकचे मुळातच भरपूर वाकणारे, त्यामुळे कापल्यावर उलट सुधारलेच.

प्रत्येक मुलाला वेगळी लांबी देणं शाळेत शक्य नाही. तीन लांब्या केल्या, ग्रिपखाली लाल, पिवळा, निळा टेप. मुलं रांगेत येतात, स्टिक बेंबीशी लावून बघतात आणि आपला रंग लक्षात ठेवतात. वाटपाचा गोंधळही कमी झाला, हा वरचा फायदा.

आणि मग तो आवाज! आधी हॉलभर 'टक, टक' चालायचं. लांबी जमल्यावर पहिल्याच तासाला बाकांकडून परतलेले बॉल 'ठप्' करून ब्लेडवर बसायला लागले. (आडवा टाकलेला लांब बाक हीच पासच्या सरावासाठी जगातली सर्वोत्तम भिंत आहे, बॉल परत पाठवणारे महागडे रिबाउंडर तुम्हालाच लखलाभ.) बॉल येताना ब्लेड वीतभर मागे न्यायचं, ही सूचना आता लागू पडते; टोक हवेत असताना ती देऊन काही उपयोग नव्हता. हल्ली मी मुलांकडे पाठ करून उभा राहतो आणि फक्त आवाजावरून सांगतो, बसला की उडाला. त्यांना हा खेळच वाटतो.

खरेदीबद्दल थोडं. 'सर्व वयोगटांसाठी' असं लिहिलेला एकाच लांबीचा संच दिसला की पुढे जा. ज्याच्याकडे सुटी ब्लेड आणि त्यांचे स्क्रू मिळतात, तोच पुरवठादार कामाचा. नुसती दाबून बसवलेली ब्लेड काही आठवड्यांत शाफ्टवर गरगर फिरायला लागतात. आणि शाळेसाठी सरळ ब्लेडच घ्या, वळणदार नको. उजवा हात खाली की डावा, हे मुलांना ठरवू दे. मैदानी हॉकीसारखी एका बाजूची सक्ती इथे नाही, दोन्ही बाजूंनी खेळता येतं, मग वळण देऊन बॅकहँड (ब्लेडच्या उलट्या बाजूने खेळणं) कशाला अवघड करायचा?

पुढचा बेत शूटिंगचा होता, खेचून मारायच्या रिस्ट शॉटचा. तो आता मागे पडतोय. कापलेल्या नळ्यांचे तुकडे समोर पडलेत आणि लिहिताना लक्षात आलं की ते दोन-दोन उभे केले तर पासचं दार होईल, कोनपेक्षा अरुंद. दारातून पास, पलीकडच्याने 'ठप्' केलं तर गुण, बॉल उडला तर दार एक पाऊल जवळ. तळाला लाकडाची चकती स्क्रूने बसवली तर नळी उभी राहावी. रबरी बूड लावावं का, याच विचारात आहे, कारण लाकूड हॉलच्या फरशीवर घसरेल. कुणी असं काही केलं असेल तर बुडाचा व्यास सांगा, या शनिवारी करवत परत हातात घेणार आहे. बॅकहँडने पास घेण्याचा सराव त्याच दारांवर सुरू करेन, शूटिंग त्यानंतर.