तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कम्युनिटी कॉलेजला घातलं तर चालेल का?’

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांतून हा प्रश्न दर मार्च-एप्रिलमध्ये येतो, यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, नकाराची पत्रं आली की. आणि येतो तो आवाज खाली करून. त्या ‘चालेल का’मध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं: चालवून घ्यावं लागणार, पण चारचौघांत सांगायचं कसं?

निम्मा घोटाळा शब्दाचा आहे. या कॉलेजांचं जुनं नाव ‘ज्युनियर कॉलेज’. आपल्याकडे ज्युनियर म्हणजे अकरावी-बारावी, म्हणून तिकडच्या आजी-आजोबांना वाटतं नातू पुन्हा अकरावीत बसला. इथे ती पदवीची पहिली दोन वर्षं आहेत. गंमत म्हणजे सुरुवात खरोखरच शाळेतून झाली. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटच्या हायस्कुलात सहा विद्यार्थ्यांना पुढची दोन वर्षं शिकवायला घेतलं, ते पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज. त्यामुळे आजोबांचं अगदीच चुकलेलं नाही.

दर्जाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाने १९६० च्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनमध्ये वाटणीच करून ठेवली. हायस्कूल संपवणाऱ्यांतले वरचे साडेबारा टक्के यूसीकडे, वरचा एक तृतीयांश सीएसयूकडे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), आणि कम्युनिटी कॉलेज येईल त्या प्रत्येकाला. मागचं दार म्हणून ते ठेवलेलंच नाही. शाळेतून थेट आलेल्या दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्स्फर विद्यार्थी, म्हणजे दोन वर्षं दुसरीकडे करून आलेला, घ्यायचा, हे यूसीचं स्वतःचं धोरण आहे. पदवीच्या कागदावर पहिली दोन वर्षं कुठे काढली ते छापत नाहीत. पैशांचं तर विचारूच नका: कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर, म्हणजे वर्षाच्या ३० युनिटना १,३८० डॉलर. यूसीत नुसती फी वर्षाला साधारण पंधरा हजार, राहणं-खाणं वेगळं.

इथवर माझं भाषण पाठ आहे आणि त्यातलं काही खोटं नाही. पण त्यापुढचं एक वाक्य मी बरीच वर्षं चुकीचं सांगत आले: ‘‘६० युनिट पूर्ण करा, ग्रेड चांगले ठेवा, बाकी होतं.’’ बाकी होत नाही. का, ते एका विद्यार्थ्याच्या फाइलवरून सांगते.

मुलाला कॉम्प्युटर सायन्स हवं होतं. पहिलं वर्ष क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात, म्हणजे उन्हाळा सोडून वर्षाचे तीन भाग. तिथे कॅल्क्युलस चार तुकड्यांत असतं: १ए, १बी, १सी, १डी, प्रत्येकी ५ युनिट. त्याने १ए आणि १बी केलं, दोन्हींत ए ग्रेड. वसंतात १सीचा वर्ग नोकरीच्या वेळेवर आला म्हणून ते राहिलं. पुढच्या फॉलला, म्हणजे शरदात, तो शेजारच्या सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षाचे दोन भाग) कॉलेजात गेला, कारण तिथे संध्याकाळचे वर्ग होते. सेमिस्टर कॉलेजात हेच कॅल्क्युलस तीन तुकड्यांत. काउंटरवर कोणीतरी त्याचा ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे ग्रेडचा उतारा, पाहिला, ‘दोन कॅल्क्युलस झालेत’ असं मोजलं आणि पूर्वअट मंजूर करून थेट कॅल्क-३ ला बसवलं. तिथेही ए. लिनियर अल्जिब्रातही ए.

आता मोजा. १ए आणि १बीमध्ये डिफरन्शिएशन झालं, इंटिग्रेशन झालं. अनंत श्रेणी, म्हणजे सीरीज, १सीमध्ये असतात. सेमिस्टरवाल्यांकडे त्या कॅल्क-२ च्या उत्तरार्धात. म्हणजे टेलर सीरीज या मुलाला कुठेच भेटली नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण कॅल्क-३ सीरीजवाचून निभावतं.

कुठल्या कॉलेजचा कोणता कोर्स यूसीत कशाला चालतो ते दाखवणाऱ्या असिस्ट डॉट ऑर्गवर त्या मेजरचं (मुख्य विषयाचं) पान उघडलं तर गणिताची ओळ अशी दिसते: १ए आणि १बी आणि १सी आणि १डी. दुसऱ्या कॉलेजचं पान उघडा: कॅल्क-१ आणि २ आणि ३. मधला तो ‘आणि’ फार महत्त्वाचा. साखळी एकाच कॉलेजात पूर्ण झाली तर अख्खी मानतात. अर्धी इथली, अर्धी तिथली असेल तर कडी जुळेलच याची खात्री नाही. यूसीच्या नकाराच्या पत्रात कारण आलं, मेजरची पूर्वतयारी अपुरी. घरचे विचारत होते, ‘‘तिन्ही कॅल्क्युलसमध्ये ए आहे, मग अपुरं काय?’’

उपाय दोनच. क्वार्टर कॉलेजात परत जाऊन १सी आणि, तिथली साखळी पुरी हवी म्हणून, १डी. डीमध्ये कॅल्क-३ चंच बरंचसं पुन्हा. नाहीतर सेमिस्टर कॉलेजात कॅल्क-२, ज्याचा पूर्वार्ध १बीशी जुळतो आणि तेवढी युनिट यूसी दुसऱ्यांदा मोजत नाही. कसंही केलं तरी वर्ष गेलं. ज्या घरात मूल एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे तिथे एक वर्ष म्हणजे नुसतं एक वर्ष नसतं. २१ पूर्ण झाले की तो व्हिसा संपतो.

शिवाय युनिटांचीही फसवणूक असते. क्वार्टरचं दीड युनिट म्हणजे सेमिस्टरचं एक. त्याची १ए-१बीची १० युनिट म्हणजे सेमिस्टरची ६.६७. ट्रान्स्फरला सेमिस्टरची ६० किंवा क्वार्टरची ९० लागतात. दोन कॉलेजांचे आकडे सरळ बेरजेत घेतले की साठ झाल्याचा भास होतो.

चूक त्या मुलाची म्हणू? मी आधी तसंच म्हणायचे: पान बघायला नको होतं का? आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. ‘येईल त्या प्रत्येकाला’ दार उघडं ठेवायचं आणि आतला नकाशा ज्याला आधीच वाचता येतो त्यालाच कळेल असा काढायचा, हे मला पटत नाही. तुमच्या मुलाला निदान तुम्ही आहात, एक्सेल शीट करणारे. देशभरात कम्युनिटी कॉलेजात शिरलेल्या दर तिघांपैकी साधारण एकच ट्रान्स्फर होतो, आणि सहा वर्षांत बॅचलर्स हातात पडणारे सहांत एक. हा आकडा मी कोणाला आपणहून सांगत नसे. विचारलंत म्हणून सांगितला. अर्थात त्या सहांतले सगळे बॅचलर्सला आलेलेच नसतात. दोन वर्षांचं नर्सिंग करून, बॅचलर्सवाले देतात त्याच आरएनच्या (नोंदणीकृत नर्सच्या) परीक्षेला बसणारी मुलगी या हिशेबात नापास दिसते आणि हॉस्पिटलात नोकरी करते. आपल्यात कोणी तिच्याबद्दल विचारत नाही.

तर, घालायचं असेल तर पहिल्या आठवड्यात कॉलेज एकच ठरवा आणि गणित-फिजिक्सची साखळी तिथेच संपवा. प्रिकॅल्क्युलसपासून सुरुवात असेल तर दोन वर्षं धरू नका. अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो, तेव्हा हातात पहिल्याच वर्षाचे ग्रेड असतात. बरं चाललंय म्हणून एखादं वर्ष सैल सोडायची सोय नाही. टॅगची, म्हणजे हमीच्या प्रवेशाची, खिडकी त्याआधीच सप्टेंबरमध्ये येते. ती सहा कॅम्पसना आहे. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, आणि हमी एकाच कॅम्पसची घेता येते. कॉम्प्युटर सायन्सला अनेक ठिकाणी ती मिळतच नाही, तेवढं आधी बघा. सी किंवा वरचा ग्रेड आला तो सुधारायला कोर्स पुन्हा केला तर यूसी दुसरा मोजत नाही.

सगळ्या कॉलेजांत कोर्सचे नंबर सारखे करण्याचा कायदा झालाय. २०२५ च्या फॉलपासून इंग्रजी, सांख्यिकी, मानसशास्त्र असे सहा कोर्स पहिल्या फेरीत आले. कॅल्क्युलस त्यांत नव्हतं. आणि नंबर सारखा झाला तरी क्वार्टर साधारण १२ आठवड्यांचाच राहणार आणि सेमिस्टर १६-१७ चं.